गायरानात गुरे सोडण्याआधी माती पाहा

मराठवाड्यात, विशेषतः बालाघाटाच्या उतारावर, एकाच गायरानात माथ्यावर मुरमाड बरड आणि पायथ्याला काळी चिकण माती आढळते, आणि दोन्हींची धूप वेगवेगळ्या रीतीने होते. बरडावर बेसाल्टच्या मुरमावर मातीचा थर जेमतेम वीतभर असतो. वळवाचा जोरदार पाऊस उघड्या जमिनीवर पडला की बारीक माती पसरट पाण्याबरोबर निघून जाते आणि वर केवळ खडे उरतात. अशी खड्यांची चादर दिसू लागली की धूप आधीच झालेली आहे, असे समजावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भिजल्यावर फुगून पाणी मुरू देत नाही, आणि गुरांच्या पाऊलवाटांमधून ओघळी पडून पुढे त्यांच्या घळी होतात.

माती कशी आहे याविषयी शंका असल्यास तिचे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवावे. काही तासांत पाणी गढूळ होऊन तसेच राहिले, तर ती माती चोपण, म्हणजे सोडियम जास्त असल्याने पाण्यात सहज विखुरणारी, असण्याची शक्यता असते आणि तिच्यावर उताराच्या दिशेने चर मुळीच खोदू नये. पवना, मारवेल यांसारख्या गवतांचे ठोंब रुजेपर्यंत, म्हणजे पावसाळ्याचे पहिले सहा ते आठ आठवडे, चराई बंद ठेवावी; माझ्या मते कोणत्याही बांधापेक्षा हा उपाय अधिक मोलाचा आहे. ओघळीत अनघड दगडांचे बांध घालायचे असल्यास सुरुवात माथ्याकडून करावी.