सिंगल ड्रोग काढून सीरीज ड्रोग लावला, माझा अनुभव

ऑकलंडहून फिजीला जाताना वादळात शिडाच्या बोटीमागून ड्रोग (बोटीचा वेग कमी करायला आणि ती सरळ ठेवायला दोराने मागे ओढत न्यायचा कापडी कोन) सोडला होता, एकच मोठा कोन असलेला. लाट उंच आली की कोन पाण्याबाहेर निघायचा, दोर ढिला पडायचा आणि बोट आडवी व्हायला लागायची, आणि आडवी झाली की उलटायचाच धोका. त्यात फेअरलीडमध्ये (बोटीच्या कडेला दोर ज्यातून बाहेर जातो ती खाच) दोर इतका घासला की वरचं कव्हर फाटून आतला गाभा दिसायला लागला.

मग जॉर्डन सीरीज ड्रोग घेतला. १९७९ च्या फास्टनेट रेसच्या (इंग्लंडहून सुटणारी शिडाच्या बोटींची शर्यत) वादळातल्या दुर्घटनेनंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकन इंजिनिअरने केलेलं डिझाइन आहे हे. लांब दोरावर शंभरेक छोटे कापडी कोन आणि टोकाला चेनचं वजन, त्यामुळे काही कोन पाण्याबाहेर निघाले तरी खोलवरचे बाकीचे धरून ठेवतात, झटका बसत नाही, ओढ हळूहळू वाढते.

क्लीटला (डेकवरचा दोर बांधायचा खुंटा) मात्र बांधू नका हो! मी मागच्या दोन्ही कोपऱ्यांना हलच्या (बोटीच्या मुख्य अंगाच्या) बाजूने स्टीलच्या चेनप्लेट (दोर अडकवायच्या मजबूत पट्ट्या) बोल्टने बसवल्या, थोड्या मागे बाहेर येतील अशा, आतून आधाराला जाड बॅकिंग प्लेट, आणि ब्रायडल (दोन्ही कोपऱ्यांतून ड्रोगच्या दोराला जाणारे दोन दोर) थेट शॅकलला (पिन असलेली लोखंडी कडी), म्हणजे घासायला जागाच नाही. शॅकलची पिन वायरने नक्की बांधा. ड्रोग परत ओढताना विंचवर (दोर ओढायचा फिरता रहाट) घ्यायचा, दोर ढिला पडेल तेवढाच गुंडाळायचा, वेळ लागतो, हात भरून येतात.