कंपनी असो नाहीतर शहर, मॅनेजमेंट-प्लॅनिंगवर रिसर्च करताना या चुका टाळा

एखादं रिसर्च प्रपोजल उघडलं की पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, "या अभ्यासात सर्व्हे पद्धत वापरली जाईल." आणि नेमका प्रश्न काय आहे तो तिसऱ्या पानावर कुठेतरी सापडतो, तोही धूसर. मेथड आधी ठरते कारण फॉर्म बनवणं सोपं असतं, सॉफ्टवेअर येत असतं, आणि मित्रानेही तेच केलेलं असतं. पण संस्था आणि शहरं या दोन्ही गोष्टींचा अभ्यास करताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: कशाच्या तुलनेत? हे नावीन्य आणलं नसतं तर काय झालं असतं, हा रस्ता बांधला नसता तर काय झालं असतं. याचं उत्तर कुठून मिळणार ते ठरवा, मेथड त्यातून आपोआप ठरते. खालच्या जवळपास सगळ्या चुका या एका प्रश्नाला बगल दिल्यामुळे होतात.

फक्त जिंकलेल्यांचा अभ्यास

"दहा यशस्वी स्टार्टअप घेतले, त्यांच्यात काय समान आहे ते शोधलं." हे डिझाइन फार आवडतं लोकांना, आणि यातून काहीच सिद्ध होत नाही. सगळे फाउंडर धाडसी होते म्हणता, ठीक आहे, पण बुडालेल्या कंपन्यांचे फाउंडरही तेवढेच धाडसी असतील तर? ते तुमच्या सॅम्पलमध्येच नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे यशाची बातमी कळली की लोकांच्या आठवणीसुद्धा बदलतात. संस्थांचे अभ्यासक बॅरी स्टॉ यांनी 1975 मध्ये छापलेला एक प्रयोग यासाठी जरूर बघा. गटांना एका कंपनीची आर्थिक माहिती देऊन पुढच्या विक्रीचा आणि कमाईचा अंदाज बांधायला लावलं, आणि नंतर काही गटांना सांगितलं तुमचं काम छान झालं, काहींना सांगितलं खराब झालं. हे कोणाला काय सांगायचं ते पूर्णपणे रँडम होतं, खऱ्या कामगिरीशी संबंध नव्हता. मग विचारलं तुमच्या गटात संवाद कसा होता, एकोपा कसा होता. "छान झालं" ऐकलेल्यांना आपला गट जास्त एकजुटीचा वाटला, संवाद चांगला वाटला. आता विचार करा, पुरस्कार मिळालेल्या कंपनीत जाऊन तुम्ही "तुमचं लीडरशिप कल्चर कसं आहे" असा फॉर्म भरून घेताय, तर तुम्ही कल्चर मोजताय की पुरस्कार?

शहरांच्या बाबतीत याचं मोठं उदाहरण म्हणजे स्पेनमधलं बिल्बाओ. 1997 मध्ये तिथे गुगेनहाइम म्युझियम उघडलं, शहराचं नाव जगभर झालं, आणि त्यानंतर कित्येक शहरांनी ठरवलं की एक झगमगीत इमारत बांधली की शहर सावरतं. पण तिथे मेट्रो 1995 मध्येच सुरू झाली होती, नदी साफ करायचं काम त्याच्या बरंच आधीपासून चालू होतं, बंदराचं काम शहराबाहेर समुद्राच्या दिशेने हलवलं जात होतं आणि जुन्या औद्योगिक जमिनी मोकळ्या करून विकसित करायला 1992 पासून स्वतंत्र संस्था होती. फोटोत यातलं फक्त म्युझियम दिसतं. दुसऱ्या शहराचं मॉडेल अभ्यासताना आधीच्या वीस वर्षांची टाइमलाइन काढा, आणि तीच गोष्ट करून फसलेलं निदान एक शहर सोबत घ्या.

प्लॅनला घडलेली गोष्ट समजणं

डेव्हलपमेंट प्लॅन, प्रोजेक्ट रिपोर्ट, कंपनीचा पाच वर्षांचा स्ट्रॅटेजी पेपर, हे सगळं सहज मिळतं म्हणून विद्यार्थी त्याचाच अभ्यास करतात आणि निष्कर्षात लिहितात "शहराने असं असं केलं". शहराने करायचं ठरवलं होतं एवढंच त्यातून कळतं. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लुबिया आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 20 देशांतले 258 वाहतूक प्रकल्प तपासले होते, त्यात दर 10 पैकी जवळजवळ 9 प्रकल्पांचा खर्च अंदाजाच्या वर गेला होता, रेल्वे प्रकल्पांत तर सरासरी 45 टक्के. म्हणजे अंदाज कधी वर कधी खाली चुकतो असंही नाही, एकाच बाजूला चुकतो. म्हणून प्लॅनसोबत टेंडर, बदललेले आदेश, शेवटचं बिल, मीटिंगचे मिनिट्स मिळतात का ते बघा, आणि नाही मिळाले तर निष्कर्षात "नियोजन" हाच शब्द ठेवा, "अंमलबजावणी" लिहू नका.

आधी आणि नंतर, बस एवढंच

ज्या चौकात मागच्या वर्षी सगळ्यात जास्त अपघात झाले तिथे कॅमेरा लावला, पुढच्या वर्षी अपघात कमी झाले, योजना यशस्वी. अहो पण सगळ्यात वाईट वर्ष बघूनच तो चौक निवडला होता ना, मग पुढचं वर्ष त्यापेक्षा बरं जाण्याची शक्यता कॅमेरा नसता तरी होतीच. कंपनीतही हेच होतं, सगळ्यात मागे पडलेल्या टीमला ट्रेनिंग देतात आणि ती सुधारली की ट्रेनिंगला श्रेय.

हे नीट कसं करायचं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण स्टॉकहोमचं आहे. तिथे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर चार्ज लावायचा होता आणि लोकांचा विरोध होता, तर 3 जानेवारी ते 31 जुलै 2006 अशी ट्रायल घेतली. जादा बससेवा मात्र त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट 2005 च्या शेवटी सुरू केली होती, त्यामुळे नुसत्या बस वाढवल्याने गाड्या कमी होतात का हे वेगळं बघता आलं, आणि तसा काही ठळक फरक दिसला नाही. चार्ज सुरू झाल्यावर मात्र हद्द ओलांडणारी वाहतूक साधारण 20 टक्के घटली, ट्रायल संपल्यावर पुन्हा वाढली, आणि ऑगस्ट 2007 मध्ये चार्ज कायमचा झाल्यावर पुन्हा खाली आली. चालू, बंद, परत चालू. अशी संधी दर वेळी मिळत नाही हे खरं, पण जिथे योजना टप्प्याटप्प्याने लागू होते तिथे ती उशिरा मिळालेला वॉर्ड किंवा शाखा तुलनेसाठी वापरता येतो, फक्त हे काम योजना सुरू व्हायच्या आधी करावं लागतं कारण नंतर "आधीचा" डेटा कुठून आणणार.

नकाशावरची रेघ आणि माणूस यात गल्लत

शहरी रिसर्चमधली ही सगळ्यात छुपी चूक आहे. वॉर्डची आकडेवारी घेतली आणि निष्कर्ष माणसांबद्दल काढला. विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवर हे दाखवलं होतं. राज्यांच्या पातळीवर बघितलं तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं माप, उणे 1 ते अधिक 1) उणे 0.53. एकेका माणसाच्या पातळीवर बघितलं तर उलटं, अधिक 0.12, कारण स्थलांतरित लोक मुळात साक्षरता चांगली असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते.

आणि रेघा कुठे मारता यावरही उत्तर बदलतं. ओपनशॉ आणि टेलर या भूगोल अभ्यासकांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या 99 काउंटी (जिल्ह्यासारखे भाग) वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून दाखवलं की त्याच डेटातून जवळपास पूर्ण उणे ते जवळपास पूर्ण अधिक असा कुठलाही सहसंबंध काढता येतो. म्हणून विश्लेषण किमान दोन वेगळ्या हद्दींवर करून बघा, वॉर्डवर एकदा आणि चौकोनी ग्रिडवर एकदा. उत्तर टिकलं तर बोला.

मोबाइल आणि सेन्सरच्या डेटालाही हेच लागू. बॉस्टनमध्ये स्ट्रीट बंप नावाचं ॲप होतं, गाडी खड्ड्यातून गेली की फोन आपोआप नोंद करायचा. कल्पना छान, पण ज्या भागात स्मार्टफोन आणि गाड्या कमी तिथले खड्डे कमी दिसणार हा धोका होता, आणि तो ओळखून ॲप आधी सगळ्या भागांत फिरणाऱ्या पालिकेच्या रस्ते निरीक्षकांना दिलं गेलं. डेटा कितीही मोठा असला तरी आधी विचारा, यात कोण नाहीये.

इनोव्हेशन म्हणजे पेटंट?

थोडक्यात सांगतो. पेटंटची संख्या मोजायला सोपी म्हणून सगळे तीच मोजतात, पण बरीच पेटंट कधीच वापरात येत नाहीत, आणि सेवा देणाऱ्या संस्थांमधलं किंवा पालिकेतलं बरंचसं नवं काम पेटंटपर्यंत जातच नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या ऑस्लो मॅन्युअलची (इनोव्हेशन कसं मोजायचं याची मार्गदर्शिका) 2018 ची आवृत्ती वाचा, तिथे व्याख्येतच अट आहे की नवी गोष्ट वापरणाऱ्यांना उपलब्ध झालेली किंवा प्रत्यक्ष वापरात आलेली असली पाहिजे, नुसती कल्पना चालत नाही. फॉर्ममध्ये "तुम्ही इनोव्हेटिव्ह आहात का" विचारू नका, "गेल्या तीन वर्षांत कामाची कुठली पद्धत बदलली" असं विचारा.

लोक जे सांगतात तेच लोक करतात असं धरणं

शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या सार्वजनिक चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे थांबून बोलतात ते तासन्‌तास टिपलं. निघालं काय, तर लोक मोकळ्या कोपऱ्यात नाही तर ये-जा चालू असते तिथे मधोमध उभं राहून गप्पा मारतात, आणि चौक भरलेला असण्याचा संबंध बसायला किती जागा आहे याच्याशी होता. सर्व्हेत विचारलं असतं तर हे कोणी सांगितलं नसतं. कंपनीतही इंटरव्ह्यूला मॅनेजर जे सांगतो ते आणि सोमवारच्या मीटिंगला खरंच जे होतं ते, दोन्ही बघा.

डेटा गोळा झालाय आणि आता चूक लक्षात आली, तर?

घाबरू नका, बरंच काही वाचवता येतं.

कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाने एकाच फॉर्मवर भरलेत? मग त्यांच्यातला संबंध फुगलेला असू शकतो. फक्त हारमनची टेस्ट (असा फुगवटा आहे का ते बघायची एक सोपी सांख्यिकी चाचणी) लावून "प्रॉब्लेम नाही" असं लिहू नका, ती टेस्ट फार कमकुवत आहे. त्यापेक्षा परिणामाचा आकडा दुसरीकडून आणा, एचआरकडून नोकरी सोडून गेलेल्यांची संख्या, अकाउंट्सकडून विक्री, काहीही, पण त्याच माणसाच्या तोंडून नको.

एकच केस आहे? एक केस असणं हा गुन्हा नाही, फक्त त्यातून "सर्व शहरांमध्ये" असं वाक्य काढता येत नाही. त्या केसमध्ये तुमचा सिद्धांत खोटा ठरू शकेल अशी जागा कोणती होती ते शोधा आणि तिथे काय घडलं ते सविस्तर लिहा, परीक्षक यावर नीट ऐकून घेतात.

सगळे इंटरव्ह्यू वरच्या अधिकाऱ्यांचे आहेत? आठवडाभर अजून काढा आणि योजना खाली राबवणाऱ्या चार-पाच लोकांना भेटा, ते जमलंच नाही तर शीर्षकात "अधिकाऱ्यांच्या दृष्टीने" हे शब्द घाला, निष्कर्ष त्या मापात बसवा.