कॉलेज फुटबॉलमध्ये रन आणि पास यांचा मेळ कसा घालावा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या चाली पुकारणाऱ्या प्रशिक्षकापुढे प्रत्येक स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्यापूर्वी, एकच प्रश्न असतो: चेंडू घेऊन पळायचे (रन) की फेकायचे (पास)? सामना संपल्यावर रन आणि पास निम्मे-निम्मे भरले, तर आक्रमण समतोल होते असे म्हणण्याची पद्धत आहे. पण ही मोजणी फसवी आहे. खरा समतोल असा, की तुमची रचना, डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि उरलेले अंतर पाहून बचाव करणाऱ्या संघाला पुढची चाल ओळखता येऊ नये, आणि त्याने एका बाजूला जास्त माणसे लावलीच तर ते त्याला दुसऱ्या बाजूने महागात पडावे. 2019 मध्ये एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो याने 60 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) फेकले, म्हणून तो संघ ‘पासवाला’ ठरला. परंतु त्याच हंगामात त्यांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा खेळाडू) क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर 1,400 यार्डांहून अधिक धावला, कारण पासच्या धास्तीने समोरचा बचाव मैदानभर पांगलेला असे. याउलट नोव्हेंबर 2023 मध्ये मिशिगनने पेन स्टेटविरुद्ध अखेरीस, अधिकृत नोंदीप्रमाणे, सलग 32 रन केले आणि सामना 24-15 असा जिंकला. रन थांबत नसताना केवळ आकडे जुळावेत म्हणून पास फेकण्याचे कोणतेही कारण मिशिगनला नव्हते.

पहिले काम मोजणी दुरुस्त करण्याचे. कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत क्वार्टरबॅकचा सॅक (पास फेकण्याआधीच त्याला रेषेमागे पाडणे) हा रन म्हणून धरला जातो आणि गमावलेले यार्ड रनच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये तसे नसते. समजा, तुम्ही 34 रन आणि 36 पास पुकारले, त्यांपैकी तीन पासवर सॅक झाला आणि चार वेळा क्वार्टरबॅक जागा सोडून स्वतःच पळाला, तर कागदावर 41 रन आणि 29 पास दिसतील. त्यामुळे आपली नोंद निकालावरून न ठेवता पुकारलेल्या चालीवरून ठेवावी. स्क्रिमेज रेषेमागे (चाल जिथून सुरू होते ती रेषा) बाजूला फेकलेला झटपट पास हा बहुतेक वेळा रनचेच काम करतो, म्हणून त्याचा रकाना वेगळा असावा. रन किंवा पास हा निर्णय स्नॅपनंतर घेण्याच्या आरपीओ (रन-पास ऑप्शन) चालींचाही तसाच.

त्यानंतर बॉक्समधली माणसे मोजायला शिकावे. आक्रमणाच्या लाइनसमोरचा, बचावाच्या बाजूला पाच-सात यार्ड खोल पट्टा म्हणजे बॉक्स. पाच लाइनमन (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल) आणि त्यांच्या टोकाला उभा राहणारा एक टाइट एंड मिळून तुमचे सहा ब्लॉकर, म्हणजे बचावपटूंना अडवणारे, झाले. बॉक्समध्ये बचावाचे सहाच खेळाडू असतील, तर प्रत्येकाला एक ब्लॉकर मिळतो आणि रन पुकारणे रास्त ठरते. तिथे सातवा आला, तर एक जण मोकळा राहतो. मात्र तुमच्या तीन रिसीव्हरांसाठी (पास झेलणाऱ्यांसाठी) मागे चारच बचावपटू उरतात, म्हणजे खोलवर राखण करणारा सेफ्टी एकटा पडतो. अशा वेळी पास पुकारावा, किंवा क्वार्टरबॅकला पळवावे. चेंडू हातात देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅक कोणालाच अडवत नसल्यामुळे बचावाला एक माणूस जादा मिळतो. तोच पळू शकत असेल, तर हा हिशेब पुन्हा बरोबरीत येतो. कॉलेजमधील आक्रमण व्यावसायिक खेळाहून वेगळे दिसते, त्याचे मोठे कारण हेच आहे.

आरपीओ हे या हिशेबाचे सर्वांत नेमके रूप आहे, म्हणून त्यातील एक चाल जवळून पाहू. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये (लाइनपासून काही यार्ड मागे), रनिंग बॅक त्याच्या डाव्या हाताला, उजवीकडे स्लॉट रिसीव्हर (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मध्ये उभा राहणारा). आणि टॅकल व स्लॉट यांच्या मधोमध बचावाचा एक लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागचा खेळाडू), ज्याच्यावर रन आणि पास अशा दोन्ही जबाबदाऱ्या आहेत. स्नॅप होताच पाचही लाइनमन सरळ रनचे ब्लॉकिंग करतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण त्याची नजर त्या लाइनबॅकरवर असते. तो रेषेकडे धावला, तर चेंडू काढून घेऊन त्याच्या पाठीमागे तिरक्या धावणाऱ्या स्लॉटला द्यायचा. तो जागीच थांबला किंवा मागे सरकला, तर चेंडू रनिंग बॅककडेच सोडायचा. म्हणजे त्या एका खेळाडूने काहीही केले तरी तो चुकतो. कॉलेजच्या नियमांत पास सुटेपर्यंत लाइनमनला स्क्रिमेज रेषेपुढे तीन यार्ड जाण्याची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच यार्ड. म्हणूनच ही चाल कॉलेजमध्ये अधिक फुलली. मात्र समोर मॅन कव्हरेज (प्रत्येक रिसीव्हरवर एकेक ठरलेला बचावपटू) असेल आणि स्लॉटला दुसराच कोणी चिकटलेला असेल, तर लाइनबॅकर बिनधास्त पुढे येऊ शकतो. तेव्हा आरपीओचा हट्ट सोडून सरळ रन किंवा सरळ पास पुकारावा.

चाल लपवण्याची कला मात्र सर्वांत जास्त सराव मागते. चांगला गोलंदाज ज्या हातवाऱ्याने वेगवान चेंडू टाकतो त्याच हातवाऱ्याने संथ चेंडूही टाकतो; रन आणि प्ले-अॅक्शन पास (रनचे सोंग करून फेकलेला) यांचे नाते तसेच असले पाहिजे. लाइनबॅकर चेंडूकडे कमी आणि गार्डच्या हालचालीकडे अधिक पाहत असतो. त्यामुळे रनचे सोंग करताना गार्ड पहिल्याच पावलाला मागे रेलला, तर क्वार्टरबॅकने कितीही सुंदर अभिनय केला तरी तो वाया जातो. दर आठवड्याला स्वतःच्याच खेळाचे चित्रण समोरच्या संघाच्या नजरेने पाहावे: टाइट एंड लाइनला लागून उभा राहिला की रनच येतो का, रनिंग बॅक कोणत्या बाजूला उभा असतो, रनच्या वेळी टॅकल जमिनीवरच्या हातावर जास्त भार देतो का. माझ्या मते एखाद्या रचनेतून चारपैकी तीनहून अधिक वेळा एकच प्रकार येत असेल, तर त्याच रचनेतून उलट प्रकारची एक चाल पुढच्या सामन्यासाठी तयार ठेवलीच पाहिजे. अशा चालींची संख्या फार नको. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या नियमानुसार हंगामात आठवड्याला 20 तासच सक्तीचा सराव घेता येतो, आणि अर्धवट बसवलेल्या दहा चालींपेक्षा नीट घोटलेल्या चार चाली केव्हाही बऱ्या.

डाउन आणि अंतराचा विचार करताना यशाची व्याख्या आधी ठरवावी. विश्लेषकांमध्ये रूढ असलेला निकष असा, की पहिल्या डाउनला गरजेच्या अंतरापैकी निम्मे, दुसऱ्याला 70 टक्के, आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण अंतर मिळाले तरच चाल यशस्वी. या निकषाने पहिल्या डाउनवरचा तीन यार्डांचा रन अपयशी ठरतो, आणि ते योग्यच आहे. पहिला पास अपुरा (कोणी न झेललेला) राहिल्यावर ‘दुसरा डाउन, दहा यार्ड’ या स्थितीत घाईने रन पुकारण्याची सवय अनेक प्रशिक्षकांना असते. समोरच्याला ती ठाऊक असते, म्हणून तिथेच प्ले-अॅक्शन वापरावा. दुसऱ्या डाउनला दोनच यार्ड हवे असतील, तर लांब पास फेकण्यासाठी याहून चांगली वेळ नाही, कारण तो चुकला तरी तिसऱ्या डाउनला रनने ते अंतर काढता येते. आणि चौथ्या डाउनलाही खेळायचे असे आधीच ठरले असेल, तर तिसऱ्या डाउनला सहा यार्ड बाकी असतानाही रन पुकारता येतो. मात्र हा निर्णय मुख्य प्रशिक्षकाने दुसऱ्या डाउनपूर्वीच हेडसेटवर कळवला पाहिजे.

मैदानाची रुंदीही विसरू नये. 160 फूट रुंद मैदानावर कॉलेजचे हॅश मार्क (ज्यांच्या दरम्यानच प्रत्येक चाल सुरू होते त्या खुणांच्या दोन रांगा) एकमेकांपासून 40 फुटांवर असतात, त्यामुळे चेंडू एका हॅशवर असताना एका बाजूला 60 आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळे असतात. बचावाने रुंद बाजूला जास्त माणसे सरकवली, तर अरुंद बाजूचा रन अनेकदा अनपेक्षितपणे उघडतो. गोल लाइनजवळ मात्र पुढची मोकळी जागा संपते, लांब पास हाताशी राहत नाही, आणि क्वार्टरबॅकच्या रनचे मोल वाढते.

शेवटच्या काही मिनिटांत आघाडी असेल, तर घड्याळ हाही हिशेबातला खेळाडू होतो. अपुरा पास घड्याळ थांबवतो. मैदानातच संपलेला रन ते चालू ठेवतो, आणि 40 सेकंदांच्या प्ले क्लॉकमुळे (पुढची चाल सुरू करण्याची मुदत) समोरच्याकडे टाइमआउट नसतील तर तीन रनमध्ये सुमारे दोन मिनिटे निघून जातात. 2023 पासून शीर्ष विभागांत फर्स्ट डाउन (दहा यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न) मिळाल्यावरही घड्याळ थांबत नाही, प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटे सोडून; म्हणून आघाडीवर असताना एक फर्स्ट डाउन पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे. तिसऱ्या डाउनला पाच यार्ड हवे आहेत, चार मिनिटे उरली आहेत आणि बॉक्समध्ये आठ जण गोळा झाले आहेत, अशा वेळी चौथ्या डाउनला पंट करण्याची (लाथेने चेंडू दूर मारून समोरच्याला देण्याची) तयारी ठेवून रन पुकारणे सुरक्षित वाटते. पण त्याने समोरच्या संघाला चेंडू आणि पुरेसा वेळ असे दोन्ही मिळते. अशा वेळी क्वार्टरबॅकला बाजूला धावत नेऊन छोटा पास द्यावा, आणि कोणीच मोकळा नसेल तर चेंडू न फेकता मैदानाच्या आत खाली बसण्याची स्पष्ट सूचना त्याला आधीच दिलेली असावी.