क्रँकबेटसाठी ग्राफाइटचा रॉड निवडताना

मासेमारीचा ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन तंतूंचा, रॉड हलका आणि ताठ. क्रँकबेट म्हणजे ओढलं की थरथरत पाण्यात बुडणारं नकली आमिष. त्याची थरथर, तळाच्या दगडावर त्याची टकटक, सगळं थेट मुठीत जाणवतं. पण हाच ताठपणा नडतो. क्रँकबेटला बारीक तीनतोंडी गळ असतात. मासा आमिष धरतो न धरतो तोच ताठ रॉडचा हिसका बसतो आणि गळ निसटतो. माझ्या पहिल्या रॉडवर कितीतरी मासे काठाशी येऊन असेच सुटले. फार हळहळलो.

म्हणून आधी वाक बघा. दोरी कड्यांतून ओवा, सोबत्याला ती हळू ओढायला सांगा. नुसतं टोकच वाकलं तर तो रॉड ‘फास्ट’, परत ठेवा. वाक जवळपास मध्यापर्यंत उतरला पाहिजे; अशा रॉडवर बहुधा ‘मॉडरेट’ लिहिलेलं असतं. ‘हाय मॉड्युलस’ या शब्दाला भुलू नका, तो ग्राफाइट आणखी ताठ.

मुठीच्या वर रॉडला पेलणारं आमिषाचं वजन छापलेलं असतं. मी ७ ते २१ ग्रॅमचा घेतो. लांबी ७ फूट पुरते. खोल बुडणाऱ्या क्रँकबेटला मात्र साडेसात फूट किंवा जास्तच हवी, कारण फेक लांब गेली नाही तर ते पुरेसं खाली पोचायच्या आत काठाला येतं.