जर्नल कोणतं ठेवायचं आणि सर्च नीट झाला का, हे तपासायचं कसं

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जर्नल रिन्यू करायची वेळ आली की दरवर्षी तेच होतं, प्रत्येक डिपार्टमेंटची लिस्ट येते, बजेट तेवढंच असतं, आणि शेवटी मागच्या वर्षीचीच लिस्ट थोडी खालीवर करून पाठवली जाते. मी नागपुरात बरीच वर्षं हे काम करतोय आणि माझं ठाम मत आहे की जर्नलची निवड आणि लिटरेचर सर्च, म्हणजे आपल्या विषयावर आधी छापून आलेले पेपर शोधणं, या गोष्टी वेगवेगळ्या तपासूच नका, कारण पोरं काय शोधून राहिलीत आणि त्यांना काय मिळत नाहीये यावरूनच कळतं की निवड कुठे चुकली.

आधी सर्च. विदर्भात सिकल सेलवर, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजारावर, थीसिस करणारे रेसिडेंट असतातच, तर तेच उदाहरण घेऊ. पोरगा ड्यूटी संपवून ॲप्रनवरच काउंटरला येतो, म्हणतो सर, पबमेडवर एवढे एवढे पेपर आले, बरोबर आहे का? पबमेड म्हणजे वैद्यकीय पेपरांची ऑनलाइन सूची. आता नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी सर्च करायच्या आधीच विषयाला नक्की लागणारे १० पेपर बाजूला काढा, गाइडला विचारून किंवा एखाद्या चांगल्या रिव्ह्यूच्या, म्हणजे आढावा लेखाच्या, रेफरन्समधून. पबमेडमधल्या प्रत्येक पेपरला एक नंबर असतो, पीएमआयडी, ते सगळे नंबर सर्चच्या डब्यात एकदम पेस्ट करा, मग आपला खरा सर्च चालवा, आणि ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन पहिल्यातून दुसरा नॉट लावून वजा करा. जे उरलं ते तुमच्या सर्चच्या हातून निसटलेलं, आणि ज्याला नंबरच नाही तो पेपरही निसटलेलाच धरा.

आणि खरं शिकायला मिळतं ते या निसटलेल्यांतूनच. एकदा असेच १० पैकी ३ राहिले होते. पोराने सर्च फक्त मेश टर्मने केला होता, म्हणजे पबमेडचे जे ठरलेले विषय-शब्द असतात त्यांनी. त्यातले दोन पेपर होते पबमेडमध्ये, पण मेडलाइनच्या, म्हणजे पबमेडमधल्या निवडून घेतलेल्या, जर्नलमधले नव्हते, त्यामुळे त्यांना मेश लागलेलंच नव्हतं, आणि वर लेखकांनी हायड्रॉक्सीयुरियाऐवजी हायड्रॉक्सीकार्बामाइड लिहिलेलं, औषध तेच, ब्रिटन-युरोपकडे नाव दुसरं. म्हणून मेश आणि साधे शब्द दोन्ही घ्या, त्यांच्यामध्ये ऑर लावा, औषधाची दोन्ही नावं टाका, ॲनिमियाचं अमेरिकन आणि ब्रिटिश स्पेलिंगही टाका. आणि एक, शब्दाला अवतरण चिन्हं किंवा शेवटी स्टार लावला की पबमेड स्वतःहून समानार्थी शब्द जोडायचं बंद करतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तिसरा पेपर एका भारतीय जर्नलमधला, ते जर्नल पबमेडमध्येच नव्हतं, त्याला पीएमआयडीही नव्हता. म्हणजे सर्च कितीही सुधारला तरी तो यायचाच नाही, तिथे आपल्या रॅकवर काय आहे हाच प्रश्न उरतो.

पहिल्या ५० टायटलपैकी कामाचे किती तेही मोजा. थीसिससाठी ५० पैकी १० निघाले तरी चालतं, काही सुटू नये हे जास्त महत्त्वाचं. वॉर्डात पेशंट समोर असेल तर उलट, थोडे पण नेमके पाहिजेत, तिथे पबमेडमधलंच क्लिनिकल क्वेरीज वापरा, ते उपचार-निदानाचे पेपर गाळून देतं.

आता जर्नल. छापील अंकांचा वापर इश्यू रजिस्टरवरून मोजू नका, मी कळकळीने सांगतोय. आम्ही एक जर्नल "कोणी नेतच नाही" म्हणून बंद केलं, आणि पुढच्याच महिन्यात पीजी विचारायला लागले की ते अंक कुठे गेले. पोरं इश्यू करतच नव्हती, उभ्या उभ्या मोबाइलमध्ये पानांचे फोटो काढून अंक परत ठेवत होती! तेव्हापासून मी रॅकवर पाटी लावतो, वाचून झालं की अंक टेबलावरच राहू द्या, आणि संध्याकाळी शिपाई दादा उचलताना प्रत्येकाच्या नावासमोर एक रेघ मारतात. दोन महिन्यांत खरं चित्र दिसतं.

दुसरं काम म्हणजे मागच्या तीन वर्षांचे थीसिस काढून रेफरन्समधली जर्नल मोजा. कंटाळवाणं आहे पण याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही. सॅम्युअल ब्रॅडफर्ड नावाच्या लंडनच्या ग्रंथपालाने १९३४ मध्येच दाखवलं होतं की एका विषयाचे बरेचसे लेख मोजक्या जर्नलमध्ये असतात आणि बाकीचे खूप साऱ्या जर्नलमध्ये विखुरलेले. ती मोजकी विकत घ्या, विखुरलेले मागणीप्रमाणे मागवा. ऑनलाइनला किंमत भागिले डाउनलोड करा, समजा ६० हजारांच्या जर्नलचे वर्षात २० डाउनलोड असतील तर एक पेपर ३ हजारांना पडला.

सरकारी कॉलेज असाल तर पैसे भरायच्या आधी वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या एकत्र वर्गणी योजनेची यादी बघा, १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल त्यात आहेत, तीच परत विकत घेऊ नका.

इम्पॅक्ट फॅक्टर बघा पण त्याच्यावरच जाऊ नका, तो मागच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची, म्हणजे इतर पेपरांनी दिलेल्या संदर्भांची, सरासरी असते, आपल्या ओपीडीत काय उपयोगी आहे हे तो सांगत नाही. आणि "पबमेड इंडेक्स्ड" असं कोणी म्हटलं की लगेच मान डोलवू नका, पीएमसीमध्ये, म्हणजे पबमेडला जोडलेल्या पूर्ण पेपरांच्या मोफत साठ्यात, एखादा पेपर आला म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये आलं असं होत नाही. पबमेड चालवणाऱ्या अमेरिकन लायब्ररीच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाका, सध्या मेडलाइनमध्ये आहे की नाही ते तिथे लिहिलेलं असतं. आयएसएसएन टाकायचा कारण मिळत्याजुळत्या नावाची दुसरी जर्नलही असतात.

शेवटचं, काउंटरवर एक वही ठेवा, न मिळालेल्या पेपरांची. तारीख, डिपार्टमेंट, जर्नल, कशासाठी पाहिजे होतं, आणि शेवटी कुठून मिळालं, बस एवढेच रकाने. लायब्ररी कमिटीच्या मीटिंगला ही वही उघडून समोर ठेवा, एकच जर्नल मेडिसिन, पेडियाट्रिक्स आणि पॅथॉलॉजी तिघांच्या नावाने लिहिलेलं दिसलं की ते का घ्यायचं हे कोणाला समजावत बसावं लागत नाही.