घरातल्या आजाऱ्याचं सगळं पोरच बघतंय? मग एवढं करा

मी हायस्कूलला शिकवते. नववीत एक पोरगी होती, पहिल्या तासाला डुलक्या काढायची. एकदा वही तपासताना तिच्या तळहातावर बॉलपेननं लिहिलेलं दिसलं, स. १४ रा. १०, मला वाटलं गणिताचं काहीतरी असेल, तर ते आईच्या इन्सुलिनचे युनिट. आईची नजर गेलेली, वडील रात्रपाळीला, सुई हीच द्यायची, पाणी भरायची, भाकरी करायची आणि मग शाळा. आख्खी गल्ली म्हणायची, काय गुणाची पोर हाय! त्या 'गुणाची'तच सगळं झाकलं जातं बघा, हिला पण मदत लागते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

असं पोरगं ओळखीत असेल तर आधी नीट विचारा. "घरी सगळं ठीक ना" म्हटलं की "हो मॅडम" एवढंच येतं. त्यापेक्षा आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस सांग म्हणायचं आणि मध्ये बोलायचं नाही. औषध कोण देतं, रात्री कोण उठतं, आंघोळ कोण घालतं, एवढं कळलं तरी अंदाज येतो. आणि हे स्टाफरूममध्ये चघळायचं नाही, पोरं परत तोंड उघडत नाहीत.

पैशासाठी सगळ्यात कामाची ती बालसंगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. महिन्याला २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला. लोकांना वाटतं ही फक्त अनाथांसाठी, तसं नाही, आई किंवा वडील कॅन्सरसारख्या गंभीर आजारानं अंथरुणाला असतील तरी अर्ज करता येतो. मी गेले तेव्हा एका ऑफिसात मला "आई जिवंत आहे की, मग कसला अर्ज" म्हणून परत पाठवलं होतं, म्हणून सांगते, शासन निर्णयाची प्रिंट सोबतच ठेवा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, तिथून तो बालकल्याण समितीपुढे जातो. आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक आणि डॉक्टरांचं आजाराचं सर्टिफिकेट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून न्या. घरी चौकशीला माणूस येतो, तेव्हा घर आवरून सजवून दाखवायचं नाही, आहे तसं दिसू दे.

अर्जंट असेल, म्हणजे पोरगं उपाशी आहे किंवा आजाऱ्याबरोबर रात्रंदिवस एकटंच आहे, तर १०९८ लावा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री पण लागतो. "पोराला उचलून नेतील" ही भीती आपल्याकडं फार. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घरातच सोय बघायची. हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगा.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पेशंटबरोबर पोरगंच येत असेल तर केसपेपर काढला की समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात ते विचारा, मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बसतंय का ते सांगतात. दिव्यांग प्रमाणपत्राचं काम पण तिथंच, ते हातात आलं की तहसीलला संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या अनुदानाचा अर्ज टाकता येतो. या रांगेत मोठ्या माणसानं उभं राहायचं, पोराला शाळा बुडवून पाठवू नका.

शाळेत वर्गशिक्षकांना एवढंच सांगा की उशीर झाला तर बाहेर उभं करू नका. आठवीपर्यंत नाव काढता येत नाही, तसा कायदाच आहे. शाळा सुटलीच असेल तरी दहावीला १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, बोर्डाचं विभागीय ऑफिस कोल्हापुरातच आहे. आणि पोरगं गप्प गप्प राहतंय, झोपत नाही असं वाटलं तर टेलीमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

कागदपत्रं होईपर्यंत महिने जातात, तोवर पोराच्या अंगावरचं एक काम आजच कमी करा. एकच, पण रोजचं. त्या पोरीच्या बाबतीत समोरच्या रिटायर्ड सिस्टरनी सकाळची सुई घेतली, तेवढ्यानं तिला पाऊण तास झोप मिळायला लागली. सिस्टर गावाला गेल्या तर कोण, हे पण तेव्हाच ठरवून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी ते काम परत पोरावरच येतं.