लाईट बिल चुकलंय असं वाटतंय? कोल्हापुरात तक्रार कशी करायची

मोबाईलला रेंज नीट मिळेना की आपण सिम पोर्ट करून मोकळे होतो, घरच्या लाईटचं तसं नाही. मुंबईत काही भागात अदानी की टाटा असं निवडता येतं, आपल्या कोल्हापुरात घरगुती कनेक्शन म्हणजे महावितरणच. दुसरं दुकानच नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाला कुणीतरी वाली पाहिजे, म्हणून वीज कायदा २००३ नं दर ठरवायचं काम वीज नियामक आयोगाकडं दिलंय आणि कुणी मक्तेदारीचा गैरफायदा घेतला तर कलम ६० खाली आयोग आदेश काढू शकतो. पण आयोग आपल्या दारात येणार नाही, सुरुवात आपणच करायची.

पहिलं काम, बिल घेऊन मीटरसमोर उभं राहा. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळतोय का बघा, तारखेसकट फोटो काढा.

आमच्या शेजारच्या काकू तीन महिने पुण्याला लेकीकडं होत्या, घराला कुलूप, मग रीडिंग कोण घेणार, सरासरी बिल येत राहिलं. परत आल्यावर एकदम २७० युनिट दिसले आणि काकूंच्या पोटात गोळाच आला. मी बिलाच्या मागं पेन्सिलीनं मांडून दाखवलं, की हे सगळे एकाच महिन्याचे धरले तर वरचे १७० युनिट १०१ ते ३०० च्या महाग स्लॅबमध्ये जातात, पण तीन महिन्यांत वाटले की महिन्याला ९०, म्हणजे सगळे शंभरच्या आतल्या दरात. तशी वाटणी झालीय का आणि आधी भरलेलं वजा झालंय का, एवढंच तपासायचं असतं. काकूंच्या बिलात दोन्ही झालेलं होतं. तुमच्या बिलात नसेल तर मात्र गप्प बसू नका.

मग लेखी अर्ज. १९१२ वर फोन केला तर तक्रार नंबर लिहून ठेवा, पण भांडण बिलाचं असेल तर कागदच पाहिजे. अर्जावर १२ आकडी ग्राहक क्रमांक, सोबत फोटो आणि मागची बिलं, आणि दोन प्रती. एक देऊन दुसरीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घ्यायचीच, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी थांबा, कारण पुढं सगळं या पोचेवर चालतं.

तोपर्यंत बिल तसंच ठेवू नका, ही चूक लई जण करतात. कलम ५६ प्रमाणं १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी कनेक्शन तोडता येत नाही. आणि वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की लाईट तोडता येत नाही.

कंपनीकडून काहीच झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, तो कोल्हापुरातच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, वकील लागत नाही, आपलं आपण बोलायचं. तिथला निकाल पटला नाही तर ६० दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालाकडं.

वीजचोरीची केस मात्र मंचाकडं चालत नाही. अनधिकृत वापराचं कलम १२६ चं बिल असेल तर त्याचं अपील वेगळं, अंतिम आदेशापासून ३० दिवसांत आणि निम्मी रक्कम भरून, तेव्हा असं पत्र आलं तर आधी त्यावरची तारीख बघा.